पत्र्यावरून दिलेला निकाल

समस्त सुज्ञ वाचक, त्यांचे आप्तेष्ट, शेजारीपाजारी, आणि ज्यांच्या छपरावर अजूनही एखादा गंजका पाइप विनाकारण उभा आहे असे सर्व लोक, यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, टीव्हीच्या अँटेनाला बूस्टर बसवायचा की नाही हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचं चुकीचं उत्तर दिलं तर माणूस जन्मभर बिनलग्नाचा राहू शकतो. बरोबर उत्तर दिलं तर छपरावरून पडून मरू शकतो. मी हे दोन्ही धोके एकाच रविवारी सकाळी पत्करलेले आहेत, त्यामुळे या विषयावर छाती पुढे काढून बोलायचा हक्क माझ्याइतका कुणालाच नाही.

छाती आता पुढे निघते. त्या दिवशी ती पार पाठीला चिकटली होती.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत टीव्ही-रेडिओचं एक दुकान होतं, तिथं विक्रीला उभा असायचो. शहरात केबल आली होती, पण आसपासच्या गावांत अजून छपराछपरावर अँटेनाच होते. लोक दुकानाची पायरी चढता चढताच सांगायचे, "मुंग्या यायला लागल्यात ओ." पडद्यावर काळे-पांढरे ठिपके वळवळायला लागले की त्याला मुंग्या म्हणत. मालकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवून ठेवलं होतं, गिऱ्हाईक मुंग्या म्हणालं की आपण बूस्टर दाखवायचा. बूस्टर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. ती वर अँटेनाजवळ पाइपाला बांधायची. अँटेनाला मिळालेला अशक्त सिग्नल ती धट्टाकट्टा करून वायरीतून खाली टीव्हीला पाठवते. मी असे खूप बूस्टर विकले, आणि त्यातले बरेच परत आले. त्यांच्याबरोबर त्यांचे मालकही आले, आणि त्यांच्या तोंडून मला जे ऐकावं लागलं त्यातूनच माझं तांत्रिक शिक्षण झालं.

ते शिक्षण असं, की बूस्टर हा भोंगा आहे. भोंग्यासमोर गाणारा उभा केला तर गाणं गावभर जातं. खोकणारा उभा केला तर खोकला गावभर जातो. भोंग्याला गाण्यातलं आणि खोकल्यातलं काही कळत नाही. तेव्हा आधी बघायचं असतं की मुंग्या कसल्या आहेत. पडद्यावर सगळीकडे बारीक वाळू उडाल्यासारखं दिसत असेल, तर सिग्नलच अशक्त आहे, बूस्टरचा उपयोग होईल. वायरीचा जोड गंजला असेल, अँटेनाचं तोंड भलतीकडे फिरलं असेल, तर ते नीट करायचं, बूस्टर लागतच नाही. आणि जवळपास कुठली मशीन ठिणग्या उडवत असेल, तर पडद्यावर वाळू दिसत नाही. आडव्या पट्ट्यांत तुटक रेघा येतात आणि आवाजात टर्रर्र होतं. तिथं बूस्टर बसवला तर रेघासुद्धा दणकट होतात.

हे सगळं मला माहीत होतं. आमच्या घरच्या टीव्हीवरही अशा रेघा येत, कारण खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी होती. मी घरी बूस्टर बसवला नव्हता.

आता मुलीकडे येतो.

माझं लग्न जमवायचा विडा मामानं उचलला होता. मामाचा आवाज मोठा, मन मोठं, आणि थापा त्याहून मोठ्या. त्यानं कबनूर गावचं एक स्थळ आणलं. मुलीच्या वडिलांचा घराला लागूनच, कापड विणायच्या विजेवरच्या आठ मागांचा कारखाना होता. मायलेकी देवीच्या दर्शनाला कोल्हापुरात येणार होत्या आणि वडिलांचं सुताच्या बाजारात काही काम होतं, म्हणून पहिली भेट मामाच्याच घरी ठरली. मामानं माझी ओळख करून दिली, "आमचा भाचा. टीव्हीच्या दुकानात इंजिनियर हाय." मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

मोठ्यांचं बोलून झाल्यावर मामी मुलीला म्हणाली, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार की." मुलीनं सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या घरातल्या टीव्हीवर मुंग्या येत्यात का?"

"येतात," मी म्हणालो.

"मग बूस्टर बसवला न्हाईसा?"

"नाही."

"का ओ? दुकानात तर तुम्हीच इकतासा."

"कारण त्यानं त्या जाणार नाहीत हे मला माहीत आहे."

ती खळखळून हसली, मग आपण कुठं बसलोय हे आठवून पदराआड खोकण्याचं नाटक करू लागली. वाचकहो, माझं काम तिथंच तमाम झालं. त्याआधी मी चार मुली बघितल्या होत्या आणि चौघींनीही मला पगार विचारला होता.

पण तिचे वडील हसले नाहीत. अंगानं धिप्पाड माणूस, मानेचा पत्ता नाही, खांद्यावरच डोकं ठेवलेलं. ते माझ्याकडे एकटक बघत राहिले आणि चहा अर्धा ठेवून उठले. दोन दिवसांनी मामाकडे निरोप आला: "पोरगं दुकानात बूस्टर इकतंय आन् घरात बसवत न्हाय. म्हंजे एका जागी खोटं बोलतंय. रविवारी लावून द्या. आमच्या अँटेनाला बूस्टर लागतोय का न्हाय, त्येनं सोता बघून सांगायचं. मग पुढचं."

'मग पुढचं' हे दोन शब्द मी मामाकडून पुन्हा एकदा वदवून घेतले. मामाला मात्र आनंद झाला.

"आरं, परीक्षा सोपी हाय!" एसटीत बसल्यावर तो सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं म्हणाला. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत माझ्याच दुकानातला नवा बूस्टर. "त्येंच्या शेजाऱ्यानं गेल्याच म्हैन्यात बूस्टर बसवलाय. आता त्येंच्या मनात काय आसंल? आपल्याबी घरावर पायजे! तू जायचं, वर चढायचं, डबी बांधायची, आन् हात झटकत खाली यायचं. लगीन झालंच म्हणून समज."

"आणि मुंग्या गेल्या नाहीत तर?"

"त्या लगीन झाल्यावर घालवायच्या."

"मामा, वर चढायचं म्हणजे?"

"वर म्हंजे वर. अँटेना काय माजघरात आसतोय?"

इथं एक लाजिरवाणी गोष्ट सांगून टाकतो. मला उंचीची भीती वाटते. साधी नाही. दुकानातल्या लाकडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझ्या तळव्यांना घाम फुटायचा, म्हणून वरच्या फळीवरचे खोके दुसराच कुणीतरी काढून द्यायचा आणि मी खालून ते झेलायचो. गच्चीच्या कठड्याला मी पाठ लावून उभा राहतो, पोट लावून कधीच नाही. ही गोष्ट मामाला ठाऊक नव्हती. मुलीकडच्यांना तर नव्हतीच.

कबनूरला उतरलो आणि आधी कानांना कळलं की आपण आलो. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी माग चालू होते. खटाक-खटाक, खटाक-खटाक. जमीन पायाखाली बारीक थरथरत होती.

मुलीचे वडील अंगणात उभे होते. "या पावणं. प्रवासाचं काय हाल न्हाईत न्हवं?" त्यांनी ते ओरडून विचारलं. तिथं सगळेच ओरडून बोलतात, पण मला वाटलं माझ्यावरच ओरडले.

घराची रचना सांगतो, कारण पुढे त्यावरच माझा जीव टांगला जायचा आहे. पुढे अंगण. अंगणाच्या डाव्या हाताला तीन खोल्यांचं घर. त्याला चिकटून उजवीकडे कारखान्याची लांबलचक शेड, तिच्यावर सिमेंटचे पत्रे, दोन्ही बाजूंना उतार. आणि त्या पत्र्यांच्या अगदी माथ्यावर, घरातली सर्वांत उंच जागा म्हणून, अँटेनाचा पाइप.

चहा आला. चहा घेऊन तीच आली. तिनं कपबशी माझ्या हातात दिली.

"लाव गं टीव्ही," वडील म्हणाले.

टीव्ही लागला आणि मी पडद्याकडे बघितलं. वाचकहो, उत्तर मला त्याच क्षणी कळलं. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरून तुटक पांढऱ्या रेघांच्या दोन आडव्या पट्ट्या सावकाश वर सरकत होत्या, आणि त्यांचा आवाज मधूनच टर्रर्र करत होता. वाळू कुठंच नव्हती. पट्ट्यांच्या मधल्या जागेत बाईंच्या कुंकवाची कडासुद्धा स्वच्छ दिसत होती. सिग्नल उत्तम होता. कुठलीतरी मशीन ठिणगी टाकत होती. आणि अशी मशीन शोधायला फार लांब जायची गरज नव्हती, ती भिंतीपलीकडेच होती. एक का, आठ होत्या.

म्हणजे मला आता या बिनमानेच्या माणसाला त्याच्याच घरात, त्याचा चहा पीत पीत सांगायचं होतं की तुमच्या टीव्हीत दोष नाही, अँटेनात दोष नाही, दोष तुमच्या मागांत आहे. आणि ते सिद्ध करायला जरा माग बंद करा. ज्या माणसाचं घर, शेत, पोरीचं शिक्षण सगळं त्या मागांवर उभं, त्याला.

"काय पावणं? लागतोय का बूस्टर?"

मामानं पिशवीत हात घातला.

मी तोंड उघडलं. खरं बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "वर जाऊन बघायला पाहिजे."

हे वाक्य मी का बोललो? खरं बोलायची भीती त्या क्षणी पुढं उभी होती आणि उंचीची भीती जरा मागं होती. पुढचीला चुकवायला मी मागचीच्या मिठीत जाऊन पडलो. वाक्य संपल्यावर मला ते ऐकू आलं. तोवर वडिलांनी बांबूची शिडी आणून शेडला टेकवलीसुद्धा होती.

"ह्ये बघा पावणं," ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "बोल्टाच्या रांगंवरनंच पाय टाकायचं. खाली तिथंच तुळई हाय. मधी पाय पडला की पत्रा फुटला, आन् तुम्ही सरळ चवथ्या मागावर. मागच्या साली एक गवंडी असाच गेलता."

"मग? काय झालं त्यांचं?"

"माग दोन दिस बंद ठेवाय लागला."

मी चपला काढून शिडीखाली ठेवल्या.

शिडी कशी चढलो ते मला आठवत नाही. डोळे मिटून चढलो असणार. पत्र्यावर पहिला पाय ठेवला आणि सगळी शेड माझ्या पोटात शिरली. आठ माग एकाच वेळी खालून दणका देत होते, पत्रा थरथरत होता, पत्र्यावरचा बोल्ट थरथरत होता, आणि बोल्टावर मी. चार पायांवर आलो. भावी सासऱ्यांसमोर मी अशा रीतीनं रांगत वर गेलो. तळव्यांचा घाम पत्र्यावर उमटत होता आणि उन्हानं वाळत होता. माथ्यावर पोचल्यावर दोन्हीकडे पाय टाकून, घोड्यावर बसल्यासारखा बसलो आणि पाइपाला मिठी मारली. एवढ्या प्रेमानं मी त्याआधी कुणालाही मिठी मारली नव्हती.

तिथून गाव दिसत होतं. मी गावाकडे बघितलं नाही.

एका हातानं मिठी तशीच ठेवून दुसऱ्या हातानं तपासणी केली. मनातून देवीची प्रार्थना चालली होती की काहीतरी सापडू दे. जोड गंजलेला निघू दे, वायर कुरतडलेली निघू दे, म्हणजे ते नीट करून खाली जाता येईल आणि मागांचं नाव काढावं लागणार नाही. जोड चकचकीत होता. वायर अखंड होती. सगळ्या काड्या जागच्या जागी होत्या. अँटेनाचं तोंड शेजारच्या पाच घरांच्या अँटेनांसारखंच एका दिशेला होतं. इतका निरोगी अँटेना मी आयुष्यात बघितला नव्हता.

"बांध की रं डबी!" अंगणातून मामा पिशवी हलवत होता. त्याचे ओठ दिसत होते, शब्द मागांच्या आवाजात जात होते. त्यानं पिशवी शिडीवरून वर पाठवायची खूणसुद्धा केली.

आणि मी डळमळलो, हे इथं कबूल करतो. बांधून टाकावी. शेजाऱ्याच्या घरावर आहे, यांच्याही होईल. रेघा जरा जाड होतील, पण चित्रही भडक होईल, चार दिवस सगळे खूश राहतील. तोवर सुपारी फुटेल. मी पिशवीसाठी हात लांब करणारच होतो, तेवढ्यात मला ती दिसली.

ती घराच्या दारात उभी होती. तिथून तिला आतला टीव्हीही दिसत होता आणि वर मीही. वडील तिच्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत होते. मागावरच्या माणसांची हातवाऱ्यांची एक भाषा असते, आवाजात बोलता येत नाही म्हणून. ती भाषा तिला येत होती, मला नव्हती. तरी तिनं सुरू केलं. आधी शेडकडे बोट. मग दोन्ही मुठी पुढे-मागे, पुढे-मागे, माग चालतो तशा. मग एकदम तळवा आडवा, थांबला. मग हवेतच काच पुसल्यासारखा हात फिरवला आणि तोंडभर हसली.

माग थांबला की चित्र स्वच्छ.

तिला माहीत होतं! कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी (ती तिथं रविवारी नसते) माग बंद असतात आणि चित्र आरशासारखं येतं, हे तिनं कितीदा बघितलं असेल. सुट्टीच्या दिवशी वडील बाजारात असायचे, त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं. आणि घरात हे सांगायची कुणाची टाप नव्हती. शेवटी तिनं वडिलांच्या पाठीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि दोन्ही हातांनी मला पुढे ढकलल्यासारखं केलं. म्हणजे, मी सांगितलं म्हणू नका. तुम्ही म्हणा.

मी पाइपाला आणखी घट्ट धरलं. मी ओरडलो, "माग बंद करा!"

वडिलांनी कानामागे हात धरला.

"माग! बंद करा! एकेक करून!"

या वेळी त्यांना ऐकू गेलं. मामालाही गेलं, कारण त्यानं पिशवीसकट कपाळावर हात मारला. वडील शिडीच्या पायथ्याशी आले आणि वर बघत राहिले. आता या माणसानं शिडी काढून घेतली तर, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

"पावणं," ते म्हणाले, "सुट्टी आन् दसऱ्याची पूजा सोडली तर ह्या घरातलं माग थांबत न्हाईत. माझं वडील वारलं तवाबी दोन चालू हुतं."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण मुंग्या तिथून येत असाव्यात. एकेक बंद करा, मग कळेल कुठल्या."

"माझ्या मागातनं मुंग्या?"

"हो."

"आन् न्हाय निघाल्या तर?"

याचं उत्तर मला, मामाला, त्यांना आणि दारातल्या तिलाही ठाऊक होतं. ते शेडमध्ये शिरले.

मी पत्र्याला कान लावल्यासारखा बसलो होतो. पहिला माग थांबला. आवाजात फरक पडला नाही म्हणावं इतका थोडा फरक पडला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं आत टीव्हीकडे बघितलं आणि मान हलवली, नाही. दुसरा थांबला. नाही. तिसरा. नाही. चौथा थांबला तेव्हा पत्र्याची थरथर माझ्या मांड्यांना कमी झालेली कळली. नाही. पाचवा. नाही. सगळे थांबले आणि रेघा तशाच राहिल्या तर? गल्लीत दुसऱ्यांचेही माग होते. कुणाचा असेल कुणास ठाऊक! मी एका माणसाचे सगळे माग बंद पाडून, त्याच्या छपरावर बसून, त्याच्या पोरीच्या खुणेवर भरवसा ठेवला होता.

सहावा थांबला आणि तिचे दोन्ही हात वर गेले.

"गेल्या!" ती ओरडली. "आप्पा, गेल्या! पार पुसून गेल्या!"

वडील बाहेर धावत आले, घरात शिरले, टीव्ही बघितला, पुन्हा बाहेर आले. शेडमध्ये जाऊन त्यांनी बंद केलेले पाच माग परत सुरू केले. चित्र स्वच्छच. सहावा सुरू केला. रेघा आल्या. सहावा बंद. गेल्या. मी वर पाइपाला धरून विजयी मुद्रेनं बसलो होतो, म्हणजे मुद्रा विजयी होती, बाकी सगळं गारठलेलं होतं.

मग एकाएकी सगळंच थांबलं. मेन स्विच खाली ओढल्याचा खटका मी वरून ऐकला. आठही माग गप्प झाले.

गल्लीतल्या इतर घरांचा आवाज होता, पण लांबून. या घरावर शांतता आली आणि ती फार वाईट वाटली. शेजारच्या घरात झोपलेलं मूल दचकून रडायला लागलं. भिंतीवरून एका माणसाचं डोकं वर आलं. "काय झालं ओ? कोण गेलं?"

वडील शेडमधून बाहेर आले. त्यांच्या हातात सहाव्या मागाचा स्विच होता, भिंतीतून उपसून काढलेला. त्याचं झाकण आतून काळं पडलं होतं, एक कोपरा वितळून खाली ओघळला होता, आणि त्याला चिकटलेली सुताची धूळ करपून तपकिरी झाली होती. तुम्ही मागाचा कारखाना बघितला नसेल तर सांगतो, तिथं भिंतीवर, पंख्यावर, तारांवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा कापसाची पांढरी धूळ बसलेली असते. तिला ठिणगी लागायला फार वेळ लागत नाही. आणि त्या स्विचच्या भिंतीच्या पलीकडे त्यांची झोपायची खोली होती.

"कोण गेलं म्हंतोय मी!" शेजारी पुन्हा म्हणाला.

"जाणार हुतो," वडील म्हणाले. "सगळीच." आणि ते अंगणातल्या पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस इतका हळू बसताना मी बघितला नव्हता. मुलीच्या आईनं घरातून पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांच्या हातात दिला, आणि तो स्विच बघून स्वतःच खाली बसली.

मी वरून हे सगळं बघत होतो. टीव्हीच्या मुंग्या म्हणून सगळे ज्यांच्याकडे बघत होते, त्या रेघा स्विच जळतोय हे त्यांना किती दिवस सांगत होत्या. मी बूस्टर बांधला असता तर त्या जरा ठळक झाल्या असत्या, त्यांना मुंग्याच म्हटलं गेलं असतं, आणि मी सुपारी फोडून निघून गेलो असतो.

वडील पाणी प्याले आणि त्यांनी वर बघितलं.

"म्हंजे बूस्टर...?"

"नको," मी म्हणालो.

"आणलाच हाय तर..." मामा पिशवीकडे बघत पुटपुटला.

"नको म्हंत्यात न्हवं?" वडील त्याच्यावर गरजले, मग पुन्हा माझ्याकडे वळले. "पावणं, खरं सांगा. माग बंद करा म्हणताना भ्या वाटलं न्हाय व्हय?"

"वाटलं."

"मग डबी बांधून मोकळं का झाला न्हाईसा?"

"बांधणार होतो," मी म्हणालो. का ते मला माहीत नाही, पण पत्र्यावर बसून खोटं बोलायला जमत नव्हतं. दारातल्या खुणांबद्दल मात्र मी एक अक्षर बोललो नाही. तिनं जमिनीकडे बघितलं.

वडील उठले. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात टाकला, आणि मामाचा तो खांदा खाली गेला. "तुमचा भाचा इंजिनियर न्हाय," ते म्हणाले.

मामाचं तोंड पडलं. "तसं नव्हं, म्हंजे..."

"दुकानात नुसता माल इकतोय. मी चौकशी केलती. ते ऱ्हाऊ दे. बसा." त्यांनी मामाला पायरीवर बसवलं. "आता पुढचं बोलू."

आणि वाचकहो, ते पुढचं बोलू लागले! माझ्या आयुष्यातलं सर्वांत गोड बोलणं माझ्या पायाखाली दहा-बारा फुटांवर चाललं होतं आणि मी पाइपाला मिठी मारून वर बसलो होतो. साखरपुडा कबनूरला की कोल्हापूरला. कोल्हापूरला. मग लग्न कबनूरला. मामा आता रंगात आला होता, त्याला सगळं कोल्हापूरलाच हवं होतं. शेजारीही भिंतीवरून कोपर टेकून आपलं मत देत होता. मी खाली यायला निघालो. म्हणजे मनानं निघालो. पाय निघाले नाहीत. चढताना डोळे मिटून चढलो होतो, उतरायला मात्र खाली बघावं लागतं, आणि खाली बघितलं की अंगण गोल फिरत होतं. उजवा पाय हलवला तर पत्रा कट् असा वाजला. मी पाय परत जागेवर ठेवला.

"ओ..." मी म्हणालो.

"मानपानाचं आपल्याला काय न्हाय," वडील म्हणत होते.

"ओ, जरा..."

"जेवणावळ तेवढी झणझणीत पायजे," मामा म्हणाला.

पत्रा पुन्हा वाजला. या वेळी मी काहीच हललो नव्हतो. मी डोळे मिटले. आणि तेव्हा, सगळे माग गप्प असलेल्या त्या अंगणात, शेजाऱ्याच्या, मामाच्या, आईबापाच्या देखत, ती दारातून पुढे आली आणि ओरडली:

"आप्पा, तारीख मागनं काढा, आधी त्यास्नी खाली उतरवा की ओ! पडून मोडलं तर मला दुसरं कोण आणून देणार हाय?"